लिहिलंय, पण मागता येत नाही

"ह्या लिफ्टने नाही," सोसायटीचे सेक्रेटरी मला म्हणाले. "कामवाल्यांची वेगळी आहे."

कामवाल्यांची लिफ्ट बंद होती. त्यांना माहीत होतं. मला सातवा महिना होता. तेही दिसत होतं. लिफ्टमध्ये ते होते आणि त्यांचा कुत्रा. दार मिटलं. कुत्रा वर गेला. मी जिना धरला.

चिखलोलीच्या त्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर मी भांडी-लादी करायची. आमची वाडी बारवी धरणाच्या बाजूला, डोंगरात. चालायची सवय, म्हणून वाटलं चढेन. आठव्या मजल्यावर पोटात कळ आली. पायरीवर बसले. परत उठले, कारण उशीर झाला की मॅडम दुसरी बाई बघणार.

संध्याकाळी उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. रडली नाही. सासूच्या लुगड्यात गुंडाळून नवऱ्याने तिला वाडीवर नेलं. दोन दिवसांनी मला दूध आलं. छातीला कापड आवळून बांधलं तरी पोलकं भिजायचं. सासू बघायची आणि तोंड फिरवायची.

मॅडमने दुसरी बाई ठेवलीच. मी सेक्रेटरींकडे गेले. पैसे मागायला नाही. मला जिन्याने का पाठवलंत, एवढंच विचारायला. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

"जबरदस्ती केली होती का तुला कुणी? जमत नव्हतं तर यायचं नव्हतंस."

मी "बरं साहेब" म्हणाले.

पुढे विठ्ठलवाडीला मोफत कायदेसल्ल्याचं शिबिर होतं. तिथे एका वकीलताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, घरकाम करणारीला मालकाकडून बाळंतपणाची पगारी रजा मागता येईल असा कायदाच नाही. संविधानात मात्र आहे, की कामाच्या जागी माणुसकी असावी, बाळंतपणात बाईला मदत मिळावी, ते सरकारने बघावं. मी म्हटलं, मग त्याच्या जोरावर केस करू. तर म्हणाल्या, त्यावर कोर्टात जाता येत नाही. ते मार्गदर्शक तत्त्व आहे.

"मग लिहिलं कशाला?"

त्या म्हणाल्या, "कायदे करताना हे पाळणं सरकारचं कर्तव्य आहे, असंही तिथेच लिहिलंय. कोर्ट त्यांना जबरदस्ती करू शकत नाही. तुम्ही विचारू शकता."

बाहेर एसटी डेपोच्या भिंतीला टेकून मी रडले. पोरगी गेल्यावर पहिल्यांदा मोकळं रडले. मला वाटायचं आपण दया मागतोय. आणि इथे तर माझ्या जन्माच्याही आधी कुणी लिहून ठेवलं होतं. माझ्या पोरीपर्यंत ते पोचलंच नाही.

आता दुसऱ्या टॉवरमध्ये काम करते. तिथेही कामवाल्यांची लिफ्ट बंद पडली. माझ्यासोबत काम करणारी संगीता, पोटुशी, मुकाट जिन्याकडे निघाली. मी तिचा हात धरला. आम्ही सगळ्या कामवाल्या गेटावर बसलो.

वॉचमन म्हणाला, "बाई, ऐसा कोई कानून नहीं है."

"नहीं है," मी म्हटलं. "इसलिए बैठे हैं."

दुपारी सोसायटीवाल्यांनी रहिवाशांची लिफ्ट आमच्यासाठी उघडली. पुढे संगीताला मुलगा झाला. मी बघायला गेले, पण त्याला मांडीवर घेता आलं नाही.

हल्ली वाडीवर मतं मागायला कुणी आलं की मी पुढे बसते. त्यांनी हात जोडायच्या आधी विचारते, त्या लिहिलेल्याचा कायदा कधी करणार? ते हसतात. हसू देत. मी दर वेळी विचारणार, चारचौघांत विचारणार. मनाई कोर्टाला आहे. मला नाही.