दादाचा शनिवार

आम्ही पेणचे. आजोबांच्या काळापर्यंत आमच्या घरी तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, हे पुष्कळांना ठाऊकही नव्हतं. शनिवारी चूल न पेटवणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारे लोक, एवढीच आमची ओळख. मला घाणा आठवत नाही. मला कळायला लागलं तेव्हा वडील पोह्यांच्या गिरणीत कामाला होते. मालक त्यांना शनिवारी सुट्टी द्यायचा आणि त्याबदल्यात रविवारी ते एकटेच जाऊन यंत्रं साफ करून यायचे.

शुक्रवारी दिवेलागणीला वडील आम्हा दोघा भावंडांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचे. मग हिब्रू शिकवणुकीतली एखादी गोष्ट मराठीत सांगायचे. त्यांचं आवडतं वचन ठरलेलं. जो देवाचं भय धरतो त्याचं आयुष्य वाढतं, जो धरत नाही त्याची वर्षं आखडतात. "भय म्हणजे घाबरणं नाय," ते लगेच पुढे सांगत. "वडीलधारं माणूस समोर आलं की आपला आवाज आपसूक खाली येतो ना, तसं."

मी हे ऐकायची आणि जेवण कधी वाढतात याची वाट बघायची. दादा मात्र ते पोटात साठवून ठेवत असावा. तो माझ्याहून बराच मोठा, उंच, कमी बोलणारा. घरातून बाहेर पडताना चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे प्रार्थना ठेवलेल्या त्या नळीला, हात लावून बोटं ओठांना टेकवायला तो कधी विसरायचा नाही. एसटी सुटत असली तरी नाही.

रोह्याजवळ धाटावला कारखाने उभे राहिले तेव्हा आसपासच्या गावांतली तरुण मुलं तिकडे धावली. दादालाही एका कंपनीत काम मिळालं. तो रोह्यात खोली घेऊन राहू लागला. पगार बरा होता, पण आठवड्याची सुट्टी त्याच्या वाट्याला रविवारची आली. पहिल्या महिन्यात त्याने दोन शनिवार बिनपगारी घेतले. तिसऱ्या वेळी सुपरवायझर म्हणाला, "असं चालायचं नाय. कुणाशी तरी अदलाबदल कर."

त्याच खात्यात निडी गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याची सुट्टी शनिवारची, आणि त्याला हवा होता रविवार, कारण तो गावाच्या कबड्डी संघात होता आणि सामने रविवारी असत. तो आपण होऊन दादाकडे आला. "माजा शनवार तू घे, तुजा रविवार मला दे. तुजा देव खूश, माजी टीम खूश." सुपरवायझरने मान डोलावली. पुढे वर्षभर दोघांचं तसंच चाललं.

तो निडीचा मुलगा एकदा आमच्या घरी आला होता. आईने मलिदा केला होता. नवस फेडताना किंवा देवाचे आभार मानताना आम्ही भिजवलेले पोहे, गूळ, नारळ नि फळं घालून करतो, तो. त्याने तीनदा मागून खाल्ला, आईला म्हणाला, "पेणचे पोहे असं कुणी खाऊ घालत असंल तर मी पण शनवार पाळतो." आई पदराआड हसली. वडिलांनी त्याला सहज विचारलं, तू देवाचं काय करतोस? त्याने डोकं खाजवलं. "शेतात पाय टाकायच्या आधी वाकून माती कपाळाला लावतो. मैदानात उतरताना पण. त्याच्यापुढचं मला काय येत नाय." तो गेल्यावर वडील म्हणाले, "ह्या पोराला भय हाय." आमच्या घरात यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं.

भाताची लावणी उरकली होती, त्या दिवसांतला एक शनिवार. आदल्या दिवशीचं थंड जेवण जेवून आम्ही दुपार कलेपर्यंत बसलो होतो. शुक्रवारीच रोह्याहून आलेला दादा खिडकीपाशी प्रार्थनेचं पुस्तक वाचत होता. दारात मोटारसायकल थांबली. दादाच्या खात्यातला एक कामगार आत आला, पण बसेना. कंपनीत पाइप फुटला, म्हणाला. आग लागली. निडीवाला तिथंच उभा होता. त्याला इस्पितळात नेलंय, बाकीच्यांना फारसं काही नाही.

"कुठल्या पाइपापाशी?" दादाने विचारलं.

"तुझ्याच."

दादाने पुस्तक मिटलं आणि चपला घातल्या. वडील उठून दारात आले. शनिवारी आम्ही गाडीत बसत नसू. दादा तर लहानपणी तापाने फणफणला असतानाही डॉक्टरांकडे चालत गेला होता.

"सूर्य मावळू दे," वडील म्हणाले. "थोडाच वेळ राहिलाय."

"बाबा, तो माझ्या जागी उभा होता."

"म्हणून तर सांगतोय. देवानं तुला कशासाठी राखलंय याचा विचार कर."

दादाने त्यांच्याकडे असं पाहिलं की मी मान वळवली. मग तो मोटारसायकलवर मागे बसला. चौकटीला हात न लावता तो घराबाहेर पडल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वडील उंबऱ्यातच उभे होते. आईने आत बोलावलं तरी हलले नाहीत.

दादा पोचला तेव्हा निडीवाला जिवंत होता, पण बोलत नव्हता. मुंबईला हलवायचं ठरत असतानाच गेला. मागे आई, बायको आणि रांगायला लागलेली मुलगी.

त्यानंतर आमच्या घरी माणसांची रीघ लागली, आणि सगळे जे बोलत होते ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. शनिवार पाळलास म्हणून वाचलास. देवाने उचलून बाजूला ठेवलं तुला. शेजारचे म्हणाले, नातेवाईक म्हणाले, दादाच्या कंपनीतले लोकही म्हणाले, आणि ते सगळे प्रेमानेच म्हणत होते. वडिलांनी मलिदा करायला सांगितलं. आईने केला. ताट मध्ये ठेवलं, वडिलांनी आशीर्वाद म्हटले, आणि दादाच्या हातावर पोहे ठेवायला गेले तर त्याने मूठ उघडली नाही.

"आभार कसले मानायचे?" त्याने विचारलं. आवाज अगदी साधा होता. "तो मेला त्याचे?"

वडील म्हणाले, "तू जगलास त्याचे."

"एकच गोष्ट हाय ती, बाबा. दोन नायत."

ते ताट तसंच राहिलं. संध्याकाळी आईने गाईला घातलं.

मग आमचा मोठा उपासाचा दिवस आला. आमच्याकडे त्याला दारफाळणीचा सण म्हणतात, कारण त्या दिवशी दारं बंद करून, पांढरे कपडे घालून, बाहेरच्या जगाशी काही संबंध न ठेवता प्रार्थना करायची असते. वर्षभरात कोण जगणार नि कोण जाणार हे त्या दिवशी वर ठरतं, असं मानतात. पेणच्या प्रार्थनालयात तेव्हाही माणसं कमीच झाली होती. बरीच कुटुंबं इस्रायलला निघून गेली होती, काही मुंबईला. तरी सणाला बाहेरगावचे लोक येत. मुंबईहून आलेल्या एका वयस्कर नातेवाइकाने दुपारी, दोन प्रार्थनांच्या मध्ये, सगळ्यांना उद्देशून बोलायला सुरुवात केली. तरुणांनी नोकरीच्या आणि पगाराच्या मोहात शब्बाथ, म्हणजे आपला शनिवार, मोडू नये, म्हणाले. आणि देवाचं भय आयुष्य वाढवतं याचा पुरावा हवा असेल तर तो आपल्यातच बसलेला आहे. सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या.

आम्ही बायका मागे बसलो होतो. मला दादाची पाठ दिसत होती. तो उभा राहिला.

"माझ्या जागी गेला त्या माणसाला भय कमी होतं असं तुम्हाला कुणी सांगितलं?" तो म्हणाला.

मुंबईहून आलेले ते गृहस्थ खाली बसले.

"माझ्या बाबांनी स्वतः सांगितलं होतं, ह्या पोराला भय हाय. विचारा त्यांना. मग त्याची वर्षं कुणी काढून घेतली? आणि घेतलीत ती माझ्यात घातलीत का? तसं असंल तर मला नकोत."

वडील खाली मान घालून बसले होते. दादाने दाराची कडी काढली आणि भर दुपारी, सगळ्या वर्षात ज्या दिवशी ते दार उघडायचं नसतं त्या दिवशी, ते उघडून तो रस्त्यावर गेला. ऊन आत आलं. कुणीतरी पटकन उठून दार पुन्हा लावून घेतलं.

उपास सुटल्यावर घरी गेलो तर दादा अंगणात बसलेला होता. मी पाणी नेऊन दिलं. तो म्हणाला, "बाबा म्हणायचे भय म्हणजे घाबरणं नाय. मला आता खरंच भीती वाटते गो. देवाची. तो काय करील सांगता येत नाय."

दादा रोह्याहून पाळी सुटली की निडीला जायला लागला होता हे आम्हाला नंतर कळलं. शेतातली कामं करायचा, मुलीला खेळवायचा, घरात काही हवं नको बघायचा. एका सकाळी वडील मला म्हणाले, "चल, निडीला जाऊन येऊ." आईला त्यांनी सांगितलं नव्हतं.

निडीवाल्याच्या आई ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी चटई दिली, पाणी दिलं आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या. वडिलांनी वाटेत पुष्कळ काही ठरवलं असणार, पण ते नुसते वाल सोलणारे हात बघत राहिले. शेवटी बाईंनीच विचारलं, "तुमच्या पोथीत म्हनं लिवलंय, देवाला भ्यालं की आयुक्ष वाढतं?"

"लिहिलंय," वडील म्हणाले.

"मग माजा पोरगा काय देवाला भ्याला नाय व्हय?"

मला वाटलं, वडील आता काहीतरी समजावतील. त्यांना समजावता यायचं. लोक त्यांच्याकडे त्यासाठीच येत. पण ते म्हणाले, "भ्याला. मी बघितला होता. मला ह्याचं उत्तर येत नाय, बाय."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, बहुतेक आल्यापासून पहिल्यांदाच. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुज्या भावाला सांग गो, सारका येऊ नको. पोरगा चांगला हाय. पन तो दारात आला की मला माजाच आला असं वाटतं, आनि मंग तो नसतो. मला नाय सोसत."

परत आल्यावर निरोप मीच दादाला दिला. त्याने ऐकून घेतला आणि त्यानंतर तो निडीला गेला नाही. काही महिन्यांनी त्याने धाटावची नोकरी सोडली, रोह्यातच एका सुताराकडे काम शिकला आणि पुढे स्वतःचं काम सुरू केलं. लग्न केलं नाही. आई-वडिलांनी इस्रायलला जायचे कागद काढले होते, पण तो येणार नाही म्हटल्यावर तेही राहिले. शुक्रवारचा दिवा, आशीर्वाद सगळं चालू होतं, पण वडिलांनी ते वचन पुन्हा उच्चारलं नाही. शेवटच्या आजारात एकदा मला म्हणाले, "मी ते हिशोबासारखं शिकवलं तुम्हाला. इतकं भय, इतकी वर्षं. तसं नसंल ते." मग कसं असेल, हे मी विचारलं. डोळे मिटून ते म्हणाले, "ते मीच आधी विचारायला हवं होतं."

दादा शनिवार पाळत राहिला. का, ते मला कळत नसे. एकदा विचारलं तर म्हणाला, "त्या पोरानं एवढ्या किमतीला दिलेला दिवस मी काय म्हणून फुकट घालवू?" यात श्रद्धा किती आणि शिक्षा किती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

खूप वर्षांनी, माझं लग्न होऊन मीही रोह्यात स्थिरावले होते तेव्हा, निडीहून एक तरुण मुलगी माझ्या दारात आली. बापाच्या मृत्यूच्या वेळी रांगणारी ती. कंपनीतल्या जुन्या लोकांकडून पत्ता काढत आली होती. "आजी थकलीय. त्या काकांना बोलवलंय," म्हणाली.

मी दादाबरोबर गेले. त्याचे केस पिकले होते. बाई खाटेवर होत्या, डोळ्यांना मोतीबिंदूने नीट दिसत नव्हतं. दादा जवळ बसला तसा त्यांनी हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला.

"म्हातारा झालास रं."

"व्हय."

"त्येचं पन असंच झालं असतं." मग त्यांनी विचारलं, "लगीन का नाय केलंस?"

दादाने त्यांची घसरलेली गोधडी नीट केली.

"मी तुला येऊ नको म्हनलं होतं," बाई म्हणाल्या. "जगू नको, असं नव्हतं म्हनलं."

दादाने मान खाली घातली. तो रडला का, ते मला दिसलं नाही, आणि मी बघायला पुढेही झाले नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "डोळ्यांना डॉक्टरला दाखवलंय का?" कुणी दाखवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो रिक्षा घेऊन गेला आणि त्यांना रोह्याला घेऊन आला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं डॉक्टर नको म्हणाले.

त्यानंतर बाई आणखी काही वर्षं जगल्या. दादा महिन्यातून एकदा तरी जायचा. फार बोलणं होत नसावं. तो त्यांच्या दाराखिडक्यांची डागडुजी करायचा, त्या ओटीवर बसून एका डोळ्याने बघायच्या. त्या गेल्या तेव्हा तेराव्याला आम्हा दोघांना निरोप आला. निडीच्या त्या ओटीवर पंगत बसली होती, आणि दादाला घरच्या माणसांच्या रांगेत बसवलं होतं. त्यांची विधवा सून वाढत होती. वालाचं बिरडं होतं. दादाने पुन्हा एकदा भात मागून घेतला.