मधल्या मजल्याचे काका

माणूस अडकतो तो बहुतेक वेळा वाईट काम करून. लिफ्टवाले काका अडकले ते एक चांगलं काम करून, आणि म्हणूनच त्यांना सुटायला इतका वेळ लागला.

इमारत पाच मजल्यांची, जुनी. लिफ्ट तिच्याहून जुनी वाटावी अशी. जाळीचे दोन दरवाजे, एक मजल्याचा, एक लिफ्टचा. आत एक पितळी दांडा, एक दिवा आणि कोपऱ्यात काकांचं स्टूल. दांडा डावीकडं ढकलला की वर, उजवीकडं ओढला की खाली, मधे आणला की जागच्या जागी. लिफ्टची फरशी मजल्याच्या फरशीशी जुळवायची ती हाताच्या अंदाजानं. काका त्याला ‘उंबरठ्याला उंबरठा लावणं’ म्हणत. एखाद्या दिवशी बोटभर चुकलं तर जेवताना सुद्धा त्यांना ते बोट टोचायचं.

माणसांचे स्वभाव त्या पिंजऱ्यात जितके कळतात तितके देवळात कळत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरचे हिशेबनीस बायकोशी भांडण झालं की बाहेर येऊन म्हणायचे, “काका, फिरवा.” काका त्यांना वर-खाली फिरवायचे, राग उतरला की दुसऱ्यावर सोडायचे. एकदा राग मोठा होता. चार फेऱ्या झाल्या तरी उतरेना. पाचव्या फेरीला दुसऱ्यावर बायकोच आत शिरली. दोघं पाठीला पाठ लावून उभी. काकांनी मुद्दाम गाडी संथ घेतली. पाचव्या मजल्यापर्यंत दोघांचं बोलणं सुरू झालं होतं, आणि ते कशावर? तर काका हल्ली लिफ्ट फार हळू चालवतात यावर! काका हसले आणि दांडा ओढला. भलं करणाऱ्याच्या नशिबी हेच असतं.

पण एक गोष्ट बघा. या इमारतीतलं प्रत्येक दार काकांना ठाऊक होतं. कुठल्या दाराचं कुलूप अडतं, कुठल्या दारामागं कुत्रं आहे, सगळं. आत मात्र ते कुणाच्याही घरात कधी गेले नव्हते. कुणी म्हणायचं, “या काका, चहा घ्या,” की तेवढ्यात खालून घंटा वाजलीच. सबंध उमर दारं उघडण्यात गेली, आणि आत जाणारे सगळे दुसरे.

चौथ्या मजल्यावर एक बाई राहायच्या. एकट्या. शाळेच्या मुलांसाठी उत्तरांची गाइडं लिहायच्या, आणि चेहरा असा, की प्रश्नही कंटाळून परत जावेत. एका दुपारी वीज गेली आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधे लिफ्ट थांबली. आत बाई आणि काका. अंधार. बाईंचा श्वास चढला, हातांनी जाळी घट्ट धरलेली. काकांनी खिशातली विजेरी काढली आणि जाळीतून समोरच्या भिंतीवर उजेड टाकला. तिथल्या गिलाव्यात एक पंजा उमटलेला होता, पाचही बोटं स्वच्छ. गिलावा ओला असताना कुण्या गवंड्यानं हात टेकला असेल, दुसरं काय! पण बाईंचा रंग उडालेला बघून काका म्हणाले,

“घाबरू नका बाई. आपण लटकलेलो नाही. हा मधला मजला आहे. इथल्या लोकांच्या दारात उभे आहोत आपण. ही बघा त्यांची खूण.”

“कोण लोक?”

“शहर ज्यांना विसरलं ते. कुठं जाणार बिचारे? इथं राहतात. माझी ओळख आहे. सोडतील आपल्याला.”

तेवढ्यात वीज आली. बाई उतरल्या, वळून पुन्हा त्या भिंतीकडं बघत राहिल्या. काका विसरून गेले. बाई विसरल्या नाहीत. गाइडं कपाटात गेली, आणि वर्षभरात पुस्तक आलं. शाळकरी मुलगी, जुन्या इमारतीची लिफ्ट, तिसऱ्या-चौथ्याच्या मधला मजला. तिथं पाडलेल्या नाटकगृहांची भुतं, रस्त्यावरच्या विझवलेल्या दिव्यांचे राखणदार, अशी सगळी शहराची टाकून दिलेली जादू. आणि तिथवर नेणारा कोण? तर पितळी दांडा धरलेला म्हातारा लिफ्टवाला, ‘मधले काका’.

मुलं वेडी झाली हो! एकाची दोन, दोनाची चार पुस्तकं झाली. दप्तरं घेऊन मुलं यायची, कॉलेजातली यायची, मिशा फुटलेली सुद्धा यायची. “काका, मधला!” म्हणायची. काका लिफ्ट थांबवायचे, पंजा दाखवायचे. पुस्तकातले काका उतरणाऱ्याला दर वेळी बजावतात, “मागं बघायचं नाही.” म्हणून खऱ्या काकांनीही ते म्हणायचं. एकदा दाढ ठणकत होती, गाल सुजला होता, तरी एका मुलीनं हट्ट धरला. काका गालावर हात ठेवून बोलले. पोरगी मैत्रिणीला म्हणते, “पुस्तकातल्यासारखं नाही गं म्हणत!”

पहिली दोन वर्षं काकांना गंमत वाटली. मग गुडघे बोलायला लागले. काकांची मुलगी लांबच्या गावी राहायची, तळमजल्याचं घर, पुढं अंगण. ठरलं होतं की इमारतीत बटणांची नवी लिफ्ट बसेल, काका मोकळे होतील आणि नवराबायको दोघं मुलीकडं जातील. बायको सामान घेऊन पुढं गेली सुद्धा. इकडं नव्या लिफ्टची बातमी फुटली आणि वाचक पोरांनी आभाळ डोक्यावर घेतलं. सह्या केल्या, दारात बसून राहिली. ‘मधल्या मजल्याची लिफ्ट काढू नका!’ इमारतीचे सेक्रेटरी चार लोकांत कौतुक झालं की विरघळणारे. ते म्हणाले, “शेवटचं पुस्तक येऊ द्या. गोष्ट संपली की लिफ्टही बदलू. पुस्तक काय म्हणतं ते बघू.”

आणि दांड्याची लिफ्ट चालवणारा दुसरा माणूस गावात उरला नव्हता. काका निघाले तर लिफ्ट बंद, आणि लिफ्ट बंद तर पाचव्या मजल्यावरच्या चाकाच्या खुर्चीतल्या आजी घरात कोंडल्या जाणार. त्या आजी रोज सकाळी खाली उन्हात बसायच्या. काका दांड्याला बांधलेले ते असे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

“काका, तुम्ही म्हणजे आता या इमारतीचं भूषण!” सेक्रेटरी म्हणायचे.

“भूषणाला गुडघे असतात का हो?” काका विचारायचे. सेक्रेटरी हसून पुढं जायचे.

बायकोचा रोज फोन. “काय हो, तुमची ती सवत सोडते का नाही तुम्हाला?”

“शेवटचं पुस्तक येऊ दे.”

“माझं शेवटचं यायच्या आत येऊ दे म्हणावं!”

काका हसायचे. फोन ठेवला की जाळीच्या सावल्या स्वतःच्या सदऱ्यावर पडलेल्या बघत बसायचे. चौकटी, चौकटी. झोपेतही त्यांचा डावा हात दांडा ढकलायचा.

बाईंचं शेवटचं पुस्तक लांबत गेलं. दिवसचे दिवस त्या खाली उतरत नव्हत्या. मग एके दिवशी सकाळी चौथ्यावरून घंटा वाजली. बाई दारात उभ्या, केस विस्कटलेले, छातीशी कागदांचा गठ्ठा, आणि चेहऱ्यावर मात्र दिवाळी.

“काका, झालं! प्रकाशकाकडं निघाले. आधी तुम्हालाच सांगते. तुम्हाला मी अमर करून टाकलंय.”

काकांनी दरवाजे ओढले, दांडा उजवीकडं घेतला. बाईंनी शेवटचं पान काढून मोठ्यानं वाचलं. मुलगी मोठी होते, मधल्या मजल्याचे लोक शहरात परततात, सगळे सुटतात. आणि मग: ‘पण काका तिथंच आहेत. आजही पितळी दांडा धरून उभे आहेत. विश्वास बसत नसेल तर जाऊन बघा.’

दांडा मधे आला. लिफ्ट थांबली.

“वीज गेली?” बाईंनी वर पाहिलं. दिवा तर चालू होता. समोर गिलाव्यातला पंजा. “काका, काय झालं?”

“काही नाही बाई. मी थांबवली.”

नोकरीत काकांनी पहिल्यांदाच कुणाला अडवून धरलं होतं. हात दांड्यावरून हलला नाही.

“सगळे सुटले म्हणता,” काका म्हणाले. “भुतं सुटली, दिव्यांचे राखणदार सुटले. मी काय पाप केलं?”

बाई गोंधळल्या. “अहो, तुम्ही तर या गोष्टीचा जीव! मुलांना वाटतं जगात सगळं बदललं तरी काका आहेत. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल.”

“मुलांना वाटतं. तुम्हाला वाटतं. सेक्रेटरींना वाटतं. बाई, ‘जाऊन बघा’ म्हणालात ना? ती येतील. आणि सेक्रेटरी मला विचारणार पण नाहीत, लिफ्ट तशीच ठेवतील. माझी बायको दुसऱ्या गावात माझ्याविना जेवते. मी अमर झालो तर तिनं काय करायचं?”

बाई हळूच म्हणाल्या, “मलाही कुणी सोडत नाहीये, काका. प्रकाशक म्हणतो, शेवट असा ठेवा की पुढं कधी वाटलं तर दार उघडं राहील. म्हणून तुम्हाला दारात उभं केलं.”

“म्हणजे तुमचं दार उघडं ठेवायची पाचर मी!”

आता बाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. “बरं, पण तुम्ही गेलात तर लिफ्ट चालवणार कोण? त्याचं उत्तर मला सापडेना. अगदी खरं सांगते. पन्नास वेळा लिहून फाडलं.”

काका बाजूला झाले. स्टूल पायानं सरकवलं. “धरा.”

“काय?”

“दांडा. डावीकडं वर, उजवीकडं खाली, मधे थांबा. तिसऱ्यावर लावा.”

बाईंनी गठ्ठा काकांच्या हातात दिला, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी दांडा धरला, जसं काही विहिरीतून बादली ओढायची आहे. लिफ्ट दचकून निघाली. तिसरा मजला आला आणि वर सरकून गेला. “गेला, गेला!” बाई ओरडल्या. परत वर घेतली, तर आता वीतभर वर. पुन्हा खाली. तिसऱ्या मजल्यावरची मोलकरीण जाळीबाहेर उभी राहून बघत होती. “काका, आज प्यायलात की काय?”

“मी नाही गं! बाई चालवतायत!”

अखेर लिफ्ट थांबली, चांगली चार बोटं खाली. काकांना ते चार बोटांचं अंतर दातात अडकल्यासारखं झालं, हात आपोआप पुढं आला. तो त्यांनी पाठीमागं घेतला. बाई घामाघूम, पण अशा हसत होत्या, की गाइडं लिहिणारी बाई ती हीच, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

“चुकलं,” त्या म्हणाल्या.

“चुकणारच. उतरणाऱ्यानं पाय जरा उचलावा. त्यात काय मोठं?”

बाई त्या चार बोटांच्या पायरीकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग काकांच्या हातातून गठ्ठा घेतला आणि म्हणाल्या, “खाली नको. चौथ्यावर सोडा.”

त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. काकांनी काही विचारलं नाही, बाईंनी काही सांगितलं नाही. पुस्तक छापायला गेल्याचं कळलं, पण आत काय आहे ते कुणाला कळेना. पोरं जास्तच येऊ लागली. “काका, तुम्ही मरता का शेवटी?” एकानं तोंडावर विचारलं. काका म्हणाले, “मला विचारून कुठं लिहिलंय!” बायकोच्या फोनवरच्या थट्टा आटल्या होत्या. ते त्यांना जास्त लागत होतं.

पुस्तक आलं त्या दिवशी इमारतीत चिटपाखरू फिरकलं नाही. सगळी मुलं घराघरात वाचत बसली असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातली एक मुलगी आली, हातात पुस्तक, रडून नाक लाल झालेलं. आत शिरली, भिंतींना हात लावून पाहिला, स्टुलाला लावला. मग काकांकडं बघून म्हणाली,

“तुम्ही नवीन का?”

काकांना कळेना. “म्हणजे?”

“काका तर गेले ना! त्यांनी दांडा त्या मुलीच्या हातात दिला, म्हणाले, चार बोटं चुकली तरी चालतं. आणि गेले चालत. तिनं ‘मागं बघा’ म्हणून हाक मारली, तर एकदा सुद्धा पाहिलं नाही.” तिनं नाक पुसलं. “तुम्ही त्यांच्या जागी आलात का?”

काकांच्या ओठांवर सवयीनं ‘मीच तो’ आलं होतं. ते त्यांनी गिळलं. डोळे इतके भरून आले की पितळी दांडे दोन दिसायला लागले.

“हो,” ते म्हणाले. “मी तात्पुरता आहे.”

पुढचं भराभर झालं. पोरं येईनात, आली तरी ‘ते गेले’ म्हणून हळहळून परत जायची. समोर उभ्या माणसाकडं कुणी बघेना. सेक्रेटरी तेच. पुस्तकातले काका गेल्याबरोबर म्हणायला लागले, “या डब्यात आता ठेवलंय काय?” बटणांची लिफ्ट आली. पाचव्यावरच्या आजींनी स्वतःच्या बोटानं पहिलं बटण दाबलं आणि काकांना म्हणाल्या, “पळा आता, कुणाचा विचार बदलायच्या आत!”

काका मुलीच्या गावी पोचले तेव्हा अंगणात ऊन होतं. जावई सामान घेऊन मागं, नातवंडं पुढं, बायको ओसरीवर. काकांनी पुढं होऊन दार उघडलं, आणि दार धरून, अंग चोरून बाजूला उभे राहिले. जावई आत गेला. नातवंडं आत गेली. शेजारीण आली होती, तीही आत गेली. काका दार धरून उभेच.

बायकोनं जरा वेळ बघितलं. मग पुढं होऊन त्यांचा हात दारावरून सोडवला.

“आत या आता,” ती म्हणाली. “इथं कुणाला वर जायचं नाहीये.”