काळी बॅग कोणाची होती

हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि मला तर सगळं लिहून ठेवायची सवय. फ्रिजवर यादी, कपाटाच्या दारावर यादी, प्रवासात कुठल्या पिशवीत काय आहे त्याची यादी. ही एकच गोष्ट कुठल्या कागदावर आली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

पुतणीचं लग्न नागपूरला होतं. परतताना आमचं अंबरनाथचं वऱ्हाड रेल्वेने निघालं आणि दागिने विमानाने. गाडीत चोऱ्या होतात, म्हणून घरातल्या सगळ्या बायकांचं सोनं एकीच्या हवाली करायचं, ही आमच्याकडची रीत. ती एक म्हणजे नेहमी मीच. मोहनमाळ कोणाची, पाटल्या कोणाच्या — डबीवर नाव, डब्या काळ्या बॅगेत. सोबतीला माझी थोरली नणंद, शोभावन्सं. जागा एकत्र मिळाल्या नाहीत. त्या माझ्या मागे तीन रांगा सोडून.

मुंबईला विमान उतरलं. चाकं टेकली, लोकांनी फोन सुरू केले — आणि विमान थांबेचना. धावपट्टी संपली, आम्ही चिखलात घुसलो, एक पंख खाली कलला आणि दिवे गेले. जळका वास आला. हवाई सुंदरी ओरडत होत्या — सामान सोडा, बाहेर पडा.

ऐकलं का मी? ऐकलं. नीट ऐकलं. घाबरून काही सुचलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण मला सगळं सुचत होतं. मी उठले, वरचा कप्पा उघडला आणि बॅग ओढायला लागले. ती अडकली होती. मी वाटेत पाय रोवून उभी, आणि माझ्यामागे अख्खं विमान. किती वेळ? अर्धं मिनिट, जास्तही असेल. मागे किंचाळ्या वाढल्या, रेटा आला. मी वळूनही पाहिलं नाही.

मग पलीकडच्या जागेवरच्या माणसाने हात घालून बॅग खेचून काढली. बॅगेशिवाय ही बाई हलणार नाही, हे त्याला कळलं असावं. "ताई, चला, मी आणतो," म्हणाला. ती छातीशी धरून तो माझ्यामागून घसरगुंडीवरून उतरला आणि गवतावर बॅग माझ्या हातात दिली. नेमकं त्याआधी, तो बॅग घेऊन घसरत असताना, कोणीतरी त्याला मोबाईलवर टिपलं.

शोभावन्संना दोघांनी उचलून आणलं. वाट तुंबली तेव्हा त्या रेट्यात पडल्या, अंगावरून माणसं गेली. खुब्याचं हाड मोडलं.

रुग्णालयात घरचे पोचायच्या आत मी बाथरूममध्ये जाऊन डब्या पर्समध्ये भरल्या आणि रिकामी बॅग कचऱ्याच्या डब्यामागे सोडली. अजून कोणी काही विचारलंही नव्हतं. पाहिलंत ना, किती व्यवस्थित? उतरायच्या आधीच दागिने पर्समध्ये घेतले होते, असं सांगितलं. सगळे म्हणाले, बाई असावी तर अशी.

दोन दिवसांत ते चित्रीकरण सगळ्यांच्या मोबाईलवर फिरलं. शोभावन्संचा मुलगा प्रसाद बदलापूरहून आला. "मामी, वाट अडवली ती यानेच ना?" मी म्हटलं, हो.

माणूस सापडला जवळच. उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, त्याचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना. प्रसाद मला साक्षीदार म्हणून घेऊन गेला. मला पाहून त्या माणसाचा चेहरा खुलला. "अरे ताई! आओ, बसा. पाणी आण रे कोणीतरी."

"पाणी नको," प्रसाद म्हणाला. "तुझ्या बॅगेपायी माझी आई अंथरुणाला खिळली. काय सोनं भरलं होतं त्यात?"

"माझी बॅग?" तो हसलाच आधी. मग माझ्याकडे वळला. "ताई, बोलो ना तुम्ही. सांगा ना याला."

शिलाई मशिनी थांबल्या होत्या. कारागीर बघत होते. एक वाक्य पुरेसं होतं — बॅग माझी होती. मी म्हटलं, "चल प्रसाद. असल्या लोकांच्या तोंडी लागू नये."

असल्या! ज्याने मला बाहेर काढलं, तो असला.

प्रसादने कारखान्याच्या पाटीचा फोटो त्या चित्रीकरणासोबत पसरवला. बाजारात त्याला बॅगवाला म्हणायला लागले. रिक्षावालेसुद्धा — "बॅगवाल्याच्या गल्लीत कोण उतरणार?" एकदा शेअर रिक्षात मी बसले असताना हे झालं. सगळे हसले. मीही. काही महिन्यांनी त्या जागेवर दुसरी पाटी दिसली. तो कुठे गेला, मी चौकशी केली नाही. करता आली असती. चौकशा करण्यात माझा हात कोणी धरत नाही.

शोभावन्सं आता वॉकरवर चालतात. मंगळवारी आणि शुक्रवारी मी बदलापूरला जाऊन त्यांचा व्यायाम घेते. दहा वेळा पाय उचलायचा. दुखतं. प्रत्येक वेळी वन्सं त्या बॅगवाल्याला एक शिवी घालतात; म्हणतात, त्याने जोर येतो. मी पलंगाशी उभी राहून आकडे मोजते. दहा झाले की म्हणते, छान, आता दुसरा पाय.