दीपमालाताईंच्या बगळ्या

चाकणला जाणाऱ्या पहिल्या पाळीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची खिडकी दीपमालाताईंची, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या खिडकीत बसून ताई मोबाईलवर काय बघतात, तेही माहीत होतं. फक्त ते का बघतात, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

ताई बास्केटबॉल बघायच्या. अमेरिकेतला, आणि तोही बायकांचा. पगारावर खेळणाऱ्या बायका, एकेक सहा फुटांच्या वर. ताईंच्या संघाचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण हिरव्या बनियनवर छातीशी बगळा काढलेला असायचा, म्हणून ताई त्यांना 'बगळ्या' म्हणायच्या. "आज बगळ्या जिंकल्या," असं त्या बसमधून उतरताना सहज सांगत, जसं कुणी 'आज डाळ जरा घट्ट झाली' म्हणावं.

आणि बगळ्या जिंकायच्याच. लागोपाठ दोन वर्षं त्याच विजेत्या. या वर्षी तर उन्हाळ्यात सीझन सुरू झाला तो गणपती आले तरी हरल्याचं नाव नाही. हरल्या असतील ते मोजून एका हाताच्या बोटांवर. समोरच्या संघाला वीस-वीस गुणांनी लोळवत होत्या. त्यांची कप्तीण अकरा नंबर, पस्तिशी ओलांडलेली, केस मागे घट्ट बांधलेली बाई. ती चेंडू घेऊन निघाली की ताई श्वास रोखून बसायच्या.

दीपमालाताईंचं माहेर चिंचवड गावठाणातलं. मराठी शाळेत मागच्या अंगणात डांबरी कोर्ट आणि एकच रिंग, तिलाही जाळी नाही. त्या रिंगखाली त्या पाचवीपासून दहावीपर्यंत खेळल्या. उंची बेताची, पण हात चपळ. दहावी झाल्यावर वडील म्हणाले, "आता पुरे झालं उड्या मारणं." ताईंनी वाद घातला नाही. त्या काळी घालत नसत. पुढे लग्न, मुलगा, चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या रबरी नळ्या तपासण्याची नोकरी, असं रीतीनं सगळं झालं. तीन वर्षांपूर्वी जिन्यात पाय घसरला, पाय महिनाभर प्लास्टरमध्ये. घरात बसून मोबाईल चाळता चाळता एक दिवस त्या बायका दिसल्या, आणि ताई चहा गार होईपर्यंत बघत राहिल्या.

तिकडे संध्याकाळ होते तेव्हा आपल्याकडे पहाट. त्यामुळे अर्धा खेळ ताई स्वयंपाकघरात बघायच्या, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून, पोळ्या लाटता लाटता. त्यात मध्येच सासऱ्यांचा चहा, नवऱ्याचा रुमाल, दूधवाला. एक नजर तव्यावर, एक बगळ्यांवर. उरलेला अर्धा खेळ मात्र बसमध्ये. चिंचवड स्टेशनपासून चाकणपर्यंत कुणी हाक मारत नाही, काही मागत नाही. सगळ्या दिवसात तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता.

शेजारी बसायची फरहीन. पॅकिंगला नवीन लागलेली, पिंपरीतली, बोलकी पोरगी. पहिल्या आठवड्यात तिनं विचारलं, "ताई, ये लोग सारखे शिट्टी का मारतात?" आणि श्रावण संपेपर्यंत तीच ताईंना सांगू लागली, "तीन नंबरचे चार फाऊल झालेत, आता तिला बसवतील बघा."

मागच्या सीटवर मेंटेनन्सचा ज्योतीराम. त्याला खोड काढल्याशिवाय सकाळ जात नसे.

"काय ताई, जिंकल्या का तुमच्या?"

"जिंकल्या."

"सारख्या त्याच जिंकतात, मग बघायचं कशाला? मजा काय त्यात?"

"तुझ्या लाईनला महिनाभर ब्रेकडाऊन झाला नाही तर साहेबाला जाऊन सांगतोस का, की यात मजा नाही म्हणून?"

बस हसली. ज्योतीराम हटला नाही. "तसं नाय ओ. दुबळ्याच्या बाजूनं उभं राहावं माणसानं. जिंकणाऱ्याच्या मागं कुणीपण जातं."

"मी गेले," ताई म्हणाल्या. "जिंकत होत्या म्हणूनच आवडल्या. बिचाऱ्या बायका मी लहानपणापासून बघतेय, घरात बघितल्या, शेजारी बघितल्या, रात्री सिरियलमध्ये पण त्याच रडतायत. मला एकदा जिंकणाऱ्या बघू देत की. तुझ्या पोटात का दुखतंय?"

हे असं चालायचं. त्यात विष नव्हतं. गाडं अडलं ते उपांत्य फेरीच्या वेळी.

शेवटची काही सेकंदं होती, बगळ्या एका गुणानं मागे. बस मोशीच्या उतारावर. अकरा नंबरनं तिघींच्या मधून चेंडू काढला आणि ताई सीटवरून उठून ओरडल्या, "घाल!" असा आवाज त्यांच्या गळ्यातून शाळा सुटल्यापासून निघाला नसेल. ड्रायव्हर सरदारभाईंना वाटलं कुणी आडवं आलं. त्यांनी करकचून ब्रेक मारला. बास्केट झाली, बगळ्या फायनलला गेल्या, आणि नानासाहेबांच्या थर्मासमधला चहा त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर गेला.

नानासाहेब म्हणजे बसचे इनचार्ज. टूलरूममधले सगळ्यांत जुने, चिखलीचे मूळ गावकरी. कोण कुठं बसणार, कुणासाठी बस थांबणार, कुणासाठी नाही, सगळं त्यांच्या शब्दावर. ते शर्ट पुशीत उठले.

"आवं ताई, चालत्या गाडीत आसं वरडत्यात व्हय? मागं कंटेनर असता म्हंजी?"

"चुकलं माझं, नानासाहेब. पुन्हा ओरडणार नाही."

"वरडायचं न्हाईच, पर बघायचं बी न्हाई. उद्यापासनं मोबाईल पर्समधी."

"आणि क्रिकेट? वर टीव्हीवर लावता तेव्हा अख्खी बस ओरडते."

"क्रिकेट समदी बघत्यात."

"म्हणजे समदी ओरडली की ब्रेक लागत नाही का?"

पुढून सरदारभाई आरशात बघत म्हणाले, "वर्ल्डकपला तर मीच ओरडलो होतो, नानासाहेब. स्टिअरिंग सोडून."

"तू म्होरं बघ!" नानासाहेब कडाडले. लोक हसले आणि तेच वाईट झालं. सगळ्यांसमोर हसं झाल्यावर नानासाहेबांना माघार घेता येईना. "ऐकायचं नसल तर ट्रान्सपोर्टला कळवतो. तुमची सीट देहूरोडच्या बसला टाकतो."

देहूरोडची बस म्हणजे घरून पाऊण तास आधी निघायचं, दोनदा बदलायचं आणि मागच्या चाकावर बसून आदळत जायचं. स्वयंपाकघरातला अर्धा खेळ गेला, बसमधलाही गेला. फरहीननं ताईंचा हात दाबला, जाऊ द्या म्हणून. ताईंनी हात सोडवून घेतला.

"नानासाहेब, ब्रेक माझ्यामुळे लागला, हे मला कबूल आहे. म्हणून एक बोलते. फायनल मी इथंच, याच सीटवर बघणार, तोंडातून आवाज न काढता. बगळ्या हरल्या तर या बसमध्ये मी पुन्हा कधी मोबाईल उघडणार नाही. जिंकल्या तर पुढच्या सीझनला तो वरचा टीव्ही माझा."

"लावा पैज, नानासाहेब!" ज्योतीराम मागून ओरडला. मग त्यालाच आठवलं. "पण त्या हरतच नाहीत राव."

आता सगळी बस नानासाहेबांच्या तोंडाकडे बघत होती. "ठरलं," नानासाहेब म्हणाले.

फायनल पाच सामन्यांची होती, तीन जिंकेल तो विजेता. नवरात्र बसलं होतं. ताईंच्या घरी देव्हाऱ्यात अखंड दिवा होता आणि ताईंचे नऊ दिवसांचे उपास. नवरा, श्यामराव, गमतीनं म्हणाले, "देवीलाच सांग की बगळ्यांचं." ताईंना ते आवडलं नाही. देवीपुढे चेंडूचं काय मागायचं? तिनं सगळ्यांचं बघायचं असतं, समोरच्या संघाच्या बायकांचंही. ताईंनी दिव्यात तेल घातलं आणि एवढंच म्हटलं, "बोलले ते निभावू दे."

पहिले दोन सामने बगळ्यांनी खिशात घातले. ताई ओढणीचं टोक दातात धरून बसायच्या, हूं की चूं नाही. तिसऱ्या सामन्यात अकरा नंबरचा घोटा मुरगळला. तो सामना गेला. चौथाही गेला. दोन-दोन.

मग बघा बसची गंमत! ज्यांना हा खेळ कशाशी खातात ते माहीत नव्हतं, तेही विचारू लागले, "काय म्हणतोय घोटा?" सगळ्यांना बगळ्या पडायला हव्या होत्या. इतकी वर्षं वर राहिलेलं कुणी खाली येताना बघायला माणसाला बरं वाटतं, का ते देव जाणे.

शेवटचा सामना गुरुवारी सकाळी. औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची सुट्टी. ताईंनी मनाशी ठरवून टाकलं, की घरी दार लावून निवांत बघायचा. पण बोलून बसलेल्या होत्या 'याच सीटवर', आणि देवीनंही जणू ते ऐकलं. दसरा शुक्रवारी येत होता, म्हणून कंपनीनं त्या आठवड्याची सुट्टी पुढं ढकलली. गुरुवारी खंडेनवमी, कामाचा दिवस, मशीनपूजा.

त्या सकाळी सरदारभाईंनी बस स्वतः धुतली होती. स्टिअरिंगला झेंडूची माळ, पुढच्या काचेवर आंब्याचा टहाळा. नानासाहेबांनी चाकापुढे नारळ वाढवला, सरदारभाईंनी खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटले. ताईंनी आपला तुकडा कपाळाला लावला आणि रुमालात बांधून ठेवला, घरी न्यायला. मग खिडकीत बसून मोबाईल उघडला. बगळ्या चार गुणांनी पुढे होत्या.

"ओ ताई, एकट्या काय बघताय?" ज्योतीराम म्हणाला. "वर टीव्हीला जोडा की. आज सगळेच बघू. काय नानासाहेब?"

नानासाहेबांनी मान हलवली. त्यांनाही बघायचं होतं.

भोसरी गेली, मोशी गेली. मोठ्या पडद्यावर बगळ्या पळत होत्या आणि अख्खी बस समोरच्या संघासाठी टाळ्या वाजवत होती, ज्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. अकरा नंबर पट्टी बांधून खेळत होती, उजवा पाय टेकताना ओठ दाबत होती. चाकणच्या चौकात गाडी अडकली, रोजच्यासारखी. तिथंच शेवटचं मिनिट आलं. समोरच्या एका पोरीनं लांबून चेंडू मारला, तो जाळीत. बगळ्या एका गुणानं मागे. चेंडू अकरा नंबरकडे. ती निघाली, लंगडत निघाली, एकीला चुकवलं, उडी घेतली. चेंडू रिंगवर पडला, कडेनं फिरला, आणि बाहेर गेला.

भोंगा वाजला.

"हरल्या!" ज्योतीरामनं शिट्टी मारली. मागच्या बाकांवर पाय आपटले गेले. कुणी म्हणालं, "उतरला माज." कुणी म्हणालं, "बघवत नव्हत्या राव, सारख्या जिंकत होत्या."

ताई उठल्या. फरहीनला वाटलं, रडतात आता. पण ताई टीव्हीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पडद्यावर अकरा नंबर जमिनीवर बसली होती. ताईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मोठ्यानं, एकट्यानं. शिट्ट्या बंद पडल्या तरी त्या वाजवत होत्या. मग वळल्या.

"झालं का समाधान? जिंकत होत्या तेव्हा तुम्हांला राग होता. आता बिचाऱ्या म्हणाल. त्याचीही गरज नाही. एका पायावर खेळून एका गुणानं हरली ती, तुमच्यातल्या किती जणांनी असं काही केलंय, सांगा. मी कालही त्यांची होते, उद्याही राहणार. यात काडीचा फरक पडणार नाही."

ताईंनी मोबाईल बंद केला, पर्समध्ये टाकला, चेन ओढली. "शब्द दिलाय, नानासाहेब. पाळणार."

नानासाहेब घसा खाकरत म्हणाले, "आवं, तसं काय न्हाई... बघा तुमी कवा कवा."

"नाही. ठरलं ते ठरलं."

त्या दिवशी मशीनपूजेत ताईंनी आपल्या टेबलावरच्या नळ्या मोजायच्या गेजलाही हळदकुंकू लावलं, नेहमीसारखं. घरी श्यामराव म्हणाले, "बरं झालं बाई, आता सकाळी जरा झोपशील."

"मे महिन्यात परत सुरू होतंय," ताई म्हणाल्या.

आणि ते झालंच. हिवाळा गेला, परीक्षा गेल्या, मोशीच्या रस्त्यावर उसाच्या रसाच्या गाड्या लागल्या. सीझनच्या पहिल्या सकाळी ताई घरात अर्धा सामना बघून, पोळ्या आटोपून बसमध्ये चढल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. ज्योतीराम टपून बसला होता. "ताई, उघडा की. आम्ही नाही सांगत कुणाला."

ताईंनी मान वळवली नाही. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

नाशिक फाटा गेला आणि शेजारी फरहीननं आपला मोबाईल काढला. मांडीवर, ताईंपासून लांब, पलीकडे तिरका धरला. आणि बोलू लागली.

"तिसरा क्वार्टर. अकरा नंबर खेळतेय ताई, पट्टी नाही. बगळ्या सहानं पुढे."

नानासाहेब वळले. "फरहीन! मोबाईलचं काय ठरलं हुतं?"

"ताईंचं ठरलं होतं, नानासाहेब. मी कुठं पैज लावली? ताईंचा बंदच आहे, पर्स बघा पाहिजे तर."

पुढे सरदारभाईंचे खांदे हसून हलत होते. मागून पॅकिंगच्या आणखी दोन बायका पुढे वाकल्या. नानासाहेबांनी ताईंकडे बघितलं. ताईंचे डोळे खिडकीबाहेर, भोसरीच्या पुलावर. शब्द कुठंच मोडला नव्हता.

"बरं, पर आवाज तरी हळू कर पोरी," नानासाहेब म्हणाले.

"मोठ्यानं सांग गं," ताई खिडकीकडेच बघत म्हणाल्या. "इंजिनाचा आवाज आहे. आणि तीन नंबरचे फाऊल किती झाले?"