कोंडीचा ळ

अण्णा गेले त्याला आता सव्वा महिना झाला. शेवटच्या दुपारी मी त्यांना पेज पाजत होते. खोकल्याची उबळ ओसरली तसं त्यांनी विचारलं, "यमू, कोंडीचा ळ आला का गं?" मी म्हटलं, "आला." त्यांनी समाधानानं डोळे मिटले… मी खोटं बोलले होते, आणि आता खरं सांगायला माणूस उरलेलं नाही.

अण्णा माझे थोरले भाऊ. सोलापुरातल्या गिरणीतली कारकुनी सोडून ते सांगोल्याकडच्या आमच्या वाडीत शाळा काढायला आले, तेव्हा गावानं त्यांना वेड्यात काढलं. शाळा कसली, धनगरांनी सोडलेलं मेंढरांचं वाडगं ते! लेंड्यांचा वास महिनाभर हटला नाही. दगडी पाट्या कुठून आणणार? फळीवर चाळलेली धूळ पसरायची आणि बोटानं अक्षर काढायचं, हीच आमची धूळपाटी. मी विधवा होऊन माहेरी परतले तेव्हा अण्णांनी मलाही याच फळीवर, बोट धरून, वाचायला शिकवलं होतं.

कोंडी मांगवाड्यातली, दहा वर्षांची. दोर वळून वळून बोटांना घट्टे पडलेले. पहिल्यांदा ळ बघितला तशी खुदकन हसली, "गुर्जी, ह्ये तर दोराचं येटोळं हाय की!" अण्णा तिचंही बोट धरून गिरवून घ्यायचे. घरी आले की आंघोळीशिवाय मी त्यांना उंबरा ओलांडू देत नसे. "धुळीला कसला गं विटाळ?" म्हणत ते हसत हसत अंगावर पाणी घ्यायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा, खरं सांगते.

ते अंथरुणाला खिळले आणि शाळा माझ्या गळ्यात पडली. बाकीच्यांची बोटं मी धरली. कोंडीला मात्र मी लांबून, काठीच्या टोकानं अक्षर दाखवायचे. काठीनं धूळ विस्कटायची, आणि ळचं दुसरं वेटोळं काही तिला साधेना. "आक्का, बोट धरा की," ती म्हणाली. मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं काठीकडं पाहिलं, हात परकराला पुसले आणि उठून गेली. ती परत आलीच नाही.

अण्णांचे दिवस झाल्यावर मी मांगवाड्यात गेले, जन्मात पहिल्यांदा. कोंडीची आई दोराला पीळ घालत होती. मी विचारलं, "कोंडी कुठंय?"

"लगीन लावून दिली की तिला. साळंत जात व्हती तवर गुर्जींनी आमाला थोपवून धरलं व्हतं. साळा सुटली, मग घरात ठिवून काय करायचं? उजवून टाकली."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

काठी मी चुलीत घातली. आता येईल त्या पोराचं बोट धरते, गाव काय बोलायचं ते बोलतं. रोज सकाळी वाडग्यात फळीवर धूळ पसरली की माझ्या बोटावर अण्णांचं बोट असल्यासारखं वाटतं. क, म, र सगळी अक्षरं नीट उमटतात. मग ळ काढायला घेते. पहिलं वेटोळं पुरं होतं… आणि अण्णा विचारतात, "आला का गं?"