पाळी माझी होती

एसटी सुटताना आईने माझ्याकडे बघितलं नाही. ती माझ्या पत्र्याच्या ट्रंकेकडे बघत होती. ट्रंक टपावर चढवणाऱ्याला म्हणाली, "सावकाश रे, आत लोणच्याची बरणी आसा." मग खिडकीशी आली आणि पदराने खिडकीचा गजच पुसला, उगाचच. म्हणाली, "थंयसर बरी रव. हंयची याद काढू नको." एवढंच. मी बारा वर्षांची होते. बडोद्याला आत्याकडे निघाले होते. गाडीने वळण घेतलं आणि धामापूरच्या तळ्याचा काठ मागे गेला. मी आजवर तेच वाक्य चघळत बसलेय. याद काढू नको म्हणजे काय? परत येऊ नको, असंच ना?

दाजी, वयनी, तुम्ही गावातच राहिलात. आणि माझ्यासारखे जे कुणी ट्रंक घेऊन बाहेर पडले, सुरत, अंधेरी, दुबई जिथे असाल तिथे, तुम्हीही वाचा. मी काही शिकलेली बाई नाही, सातवीनंतर जे वाचलं ते पुडीच्या कागदावरचं. बोलते तसंच लिहिते.

आमच्या घरामागे काजूची बाग. चैत्रात बोंडं पडायला लागली की सकाळी खाली पडलेल्या बिया वेचायला जायचं. आईने पाळी लावून दिली होती, एक दिवस मी, एक दिवस सुमी. सुमी माझी धाकटी बहीण, आठ वर्षांची. आमचा धाकटा भाऊ दाजी तेव्हा चार वर्षांचा, त्याला पाळी नव्हती, नुसती बोंडं खाऊन सदऱ्याला डाग पाडायचा.

त्या दिवशी पाळी माझी होती. मी ओट्यावर सागरगोटे खेळत होते आणि मला कंटाळा आला होता. मी सुमीला म्हटलं, "आज तू जा. तुका माझी तांबडी रिबीन देतंय." ती रिबीन तिला कधीची हवी होती. लगेच बांधून टोपली घेऊन पळाली. अनवाणी.

थोड्या वेळाने आली आणि म्हणाली, "बाय, माका काय तरी चावला."

काजूखाली पातेरा साचतो, गुडघाभर वाळलेली पानं. त्यात फुरसं बसतं, विषारी, पानाच्याच रंगाचं, हातभर लांब. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी म्हटलं, "मुंगळो चावलो असतलो. गप रव, आये वराडतली." कारण आईला कळलं असतं तर पाळी कुणाची होती तेही कळलं असतं. जेवणं होईपर्यंत मी तिला गप्प बसवलं. पाय सुजला तेव्हा आईनेच बघितला. मग धावाधाव, आधी झाडपाल्याचं औषध, मग बैलगाडी, मग दवाखाना. तिसऱ्या दिवशी सुमी गेली.

पाळीचं कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मग जेवणावरून वासना गेली आणि झोपेत ओरडायला लागले, आणि जूनच्या आधी मला बडोद्याला पाठवलं.

बडोद्याने मला चांगलं ठेवलं, खोटं कशाला बोलू? आत्याने पुढे शिकवायचं म्हटलं, मी शिवणकाम शिकले. लग्न इथल्याच मराठी माणसाशी झालं. आता भाकरीपेक्षा रोटली चांगली जमते, भाजीत चिमूटभर साखर पडते, भाजीवाल्याला भाव विचारताना 'केटला' म्हणते आणि रागावले की अजून मालवणीत रागावते. पण घरात ओल्या काजूची उसळ कधी केली नाही. मुलगा विचारायचा, मी म्हणायची, मला पोटाला सोसत नाही. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. ह्यांनाही ठाऊक नव्हतं.

आमच्या सोसायटीत आसोपालवाची आणि कडुनिंबाची झाडं आहेत. मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी खाली उतरते आणि झाडाखालची पानं झाडते. झाडूवाला आहे, तरी झाडते. एकदा पंधरा ऑगस्टला सेक्रेटरींनी शाल दिली, "आपणां मासी पासेथी शीखो", आपल्या मावशींकडून शिका, असं भाषण केलं. मी शाल घेतली. काय सांगणार त्यांना, मला स्वच्छतेचं काही पडलेलं नाही म्हणून?

मागच्या होळीनंतरची गोष्ट. मला ताप होता, दोन दिवस खाली गेले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर माझी नात आर्वी मैत्रिणींबरोबर पानांच्या ढिगात उड्या मारत होती. आठ वर्षांची आहे. मी तिला हाताला धरून ओढलं आणि मारलं. एक नाही, चार-पाच. सगळ्या बायका बघत होत्या. आणि तोंडाने मी म्हणत होते, "सुमे, भायर ये! सुमे!"

आर्वीने त्यानंतर माझा हात धरला नाही. शाळेच्या बसपर्यंत जायची, पण हात खिशात. वाकडं बोलली नाही, रुसली नाही. फक्त हात खिशात.

माझी सून हेतल. गुजराती मुलगी, पण मराठी माझ्याहून शुद्ध बोलते. ती चार दिवसांनी माझ्याशेजारी शेंगा सोलायला बसली. म्हणाली, "मम्मी, सुमी कोण ते मला नका सांगू. पण कुणाला तरी सांगा. एक बेन आहेत, काउन्सेलर. वेडं असावं लागत नाही त्यांच्याकडे जायला." आणि एक कार्ड ठेवलं. मी ते चहाच्या डब्यामागे टाकलं. रोज चहा करताना दिसायचं, असे कितीतरी महिने गेले.

आता मी काय केलं ते ऐका. आमच्या मुलखात जमिनीचं असो, लग्नाचं असो, अडलं की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या लावतो, उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. मी दाजीला फोन केला, म्हटलं, रवळनाथाला माझ्यासाठी कौल लाव.

"कसलो कौल?"

"एका डॉक्टरकडे जाऊ का नको, असो."

"कसलो डॉक्टर? गो बाय, देवाक गाऱ्हाणा घालुचा तर विषय सांगूक नको? देव काय अंतर्ज्ञानी आसा?"

"असूक नको?"

"आसा. पण गुरव नाय ना!"

खरं सांगवेना. म्हटलं, "गुडघ्याचो. ऑपरेशन करू काय नको."

सोमवारी त्याने देवळातून फोन लावून दिला. गुरवाचा आवाज तसाच, खणखणीत. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू परमुलखात आसा. तेच्या गुडघ्याक जी काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!" आणि मागून सगळे, "व्हय म्हाराजा!" मी बडोद्यात गॅसपाशी उभी राहून रडत होते. इतक्या वर्षांनी माझ्यासाठी गाव "व्हय" म्हणत होतं, आणि तेही गुडघ्यासाठी.

कौल उजवा झाला. दुपारपर्यंत वयनीने माझ्या लेकाला कळवलं. संध्याकाळी लेक हाडांच्या डॉक्टरची वेळ घेऊन आला. "आई, दोन्ही एकदमच करून टाकू." माझे गुडघे ठणठणीत, रोज तीन मजले चढते!

दुसऱ्या सकाळी दाजीला फोन केला. "दाजी, गुडघे बरे आसत. मी खोटा बोललंय."

"देवाक फसवलंस? ह्या वयात?" आधी तो हसला. मग म्हणाला, "मगे कसलो डॉक्टर?"

तेव्हा सांगितलं. रिबीन, मुंगळा, जेवणं होईपर्यंतचं सगळं, आणि त्या कार्डाचंही. सांगून झालं तेव्हा पलीकडे कोंबडं आरवलं.

मग दाजी म्हणाला, "आये मरापर्यंत रोज फाटफटी काजीखालचो पातेरो झाडी. कोणाचो पाय पडाच्या आधी. कंबर मोडली तरी बसान बसान झाडी. आमी हसू."

मी म्हटलं, "तिका म्हायत होता? पाळी माझी होती ता?"

"ता माका म्हायत नाय गो. माझ्याकडे सुमीचा नाव तिना कधी काढल्यान नाय. तुझा मात्र रोज काढी. बाय जेवली असतली, बाय निजली असतली. हंय रवली असती तर ह्याय चेडू हातचा गेला असता, म्हणी."

तर ती तिथे झाडत होती आणि मी इथे. एकच पातेरा, दोन खराटे. कुणी कुणाला विचारलं नाही.

"परत कौल लावू?" दाजी म्हणाला. "ह्या टायमाक खरो विषय सांगूया."

"नको. सगळ्या गावासमोर?"

"मगे त्या डॉक्टर बायेक तरी सांग. गाऱ्हाणा मोठ्यान घालुचा लागता. मनातल्या मनात घातलंस तर व्हय म्हाराजा कोण म्हणतलो?"

मी फोन ठेवला आणि चहाच्या डब्यामागचं कार्ड काढलं. लेकाला म्हटलं, डॉक्टर बदल.

गेल्या मंगळवारी गेले. हेतल बाहेर बसली. त्या बेन माझ्या सुनेच्याच वयाच्या. म्हणाल्या, "तुम्हाला येईल त्या भाषेत बोला, अडलं तर मी विचारेन." खोलीत खिडकीशी कुंडी होती आणि खाली फरशीवर एक वाळलेलं पान पडलं होतं. माझा हात दोनदा वळवळला. मी ते उचललं नाही.

खूप वेळ मी गावचंच सांगत राहिले. तळं, काजू, बोंडाचा घशात बसणारा रस, आईच्या हातच्या सोलकढीचा आंबटपणा. आधी वाटलं, मी टाळतेय. मग कळलं, इतकी वर्षं सुमीचं नाव गिळलं, तर त्याबरोबर सगळं गावच गिळलं गेलं होतं. पहिल्यांदा तोंडाला घराची चव आली.

बरं वाटलं का, विचाराल. नाही अजून. त्या दिवशी घरी येऊन नुसती झोपले. पानं अजून झाडते. आर्वीला सांगितलं, तुझ्यावर हात टाकला ती माझी चूक. ती "ओके आजी" म्हणाली. हात अजून खिशातच आहे, पण काल बसपाशी खांदा माझ्या कोपराला लागेल अशी उभी राहिली.

दाजी, चैत्रात येतेय. बडोदा सोडून नव्हे, ते आता सुटायचं नाही. पण येतेय. तू म्हणालास, "खराटो हाडू नको, हंय आसा." बरं. आईचा असेल तर तोच दे. आणि पाळी लावू नकोस, पहिल्या दिवशी बिया वेचायला मी जाणार. चपला घालून.

त्या खोलीत वेळ संपत आली तेव्हा मी एकदाचं म्हटलं, "बेन, त्या दिवशी पाळी माझी होती."

मान डोलावून त्या हळूच म्हणाल्या, "हो."