पाठ घासण्याचा विधी

पंचवटीत शरच्चंद्र गुरुजींचं नाव होतं ते काटेकोरपणासाठी. त्यांच्या पूजेत शास्त्राबाहेरचं तीळभर काही शिरायचं नाही आणि शास्त्रातलं तीळभर काही सुटायचं नाही. आचमनाचं पाणी यजमानानं जरा मोठ्यानं भुरकलं, तरी गुरुजी डोळे वटारायचे, "चुकलं." एका बड्या कारखानदाराला त्यांनी एकाच संकल्पात इतक्यांदा "चुकलं" ऐकवलं, की तो बिचारा शेवटी स्वतःचं गोत्रच विसरला.

अशा माणसाला देवानं कातडी मात्र अगदी बेशिस्त दिली होती. कोरडी इतकी, की थंडीत नुसतं नख ओढलं तरी पाटीवर खडूची उठावी तशी पांढरी रेघ उठे. नाजूक इतकी, की साबण लागला की लाल आणि क्रीम लागलं की आणखी लाल. त्यात सगळा व्यवसाय उघड्या अंगाचा. पहाटे गोदावरीत बुडी, मग काठावरचं वारं, मग होमाची धग. डॉक्टरांनी दिलेल्या मलमानं नुसती आग आग झाली, तेव्हा त्यांच्या सौभाग्यवती सुधाकाकूंनी जाहीर केलं, "बास झालं. आता फक्त घरचं आणि नैसर्गिक."

हे नैसर्गिक प्रकरण गुरुजींना चांगलंच भोवलं. साय लावली, तर दुपारच्या झोपेत शेजारच्या मांजरीनं पाठ चाटून काढली. मध लावला, तर सोवळ्यात मुंग्या. मसुरीच्या पिठानं होता नव्हता तो ओलावाही शोषून घेतला. आणि घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत म्हणजे मुलगा मयुरेश विंचूरच्या एका वाइन कारखान्यात नोकरीला लागला आणि येताना द्राक्षाचा चोथा घेऊन आला.

"बाबा, परदेशात लोक हजारो रुपये मोजून हा अंगाला लावून घेतात."

गुरुजींनी लावला. त्या दिवशी सत्यनारायणाच्या यजमानांनी आधी तीर्थाचा वास घेतला, मग गुरुजींचा. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरे गुरुजी बोलावले.

चोथा लावला त्याच थंडीत सुरगाण्याहून रावजी नावाचा यजमान आला. त्यानं जुनी का होईना, जीप घेतली होती. घराण्यातलं पहिलं वाहन. म्हणून आई भागीबाई, भाऊ, भावजया, पोरंबाळं अशी सगळी वरात त्याच जीपमध्ये कोंबून तो गंगापूजनाला रामकुंडावर हजर झाला. गुरुजींनी नेहमीची ताकीद दिली, "मी करीन तस्संच करायचं. का आणि कशाला विचारायचं नाही."

पूजा सुरू झाली. रावजीनं डावा हात पुढे केला. चुकलं. भावानं अक्षता आधीच टाकल्या. चुकलं. भागीबाईनं गुरुजींच्या आधी नमस्कार केला. तेही चुकलं. एवढ्यात गुरुजींच्या डाव्या कोपराला खाज सुटली. त्यांनी दात आवळून धरले, पण खाज शास्त्र मानत नाही. शेवटी त्यांनी खसाखसा कोपर खाजवलं. समोरच्या सगळ्या मंडळींनी गंभीर चेहऱ्यानं आपापलं डावं कोपर खाजवलं.

गुरुजींच्या लक्षात येईपर्यंत खाज पाठीवर पोचली होती. ते उठले, घाटावरच्या दगडी खांबाला पाठ लावली आणि वरखाली घासली. काय सांगावं ते सुख! डोळे उघडून बघतात तर खांबापुढे रांग लागलेली. पहिला नंबर भागीबाईचा, हात जोडून आणि डोळे मिटून.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण भर पूजेत "ती माझी खाज होती" असं म्हणायला जीभ रेटेना. गुरुजींनी पुढचा मंत्र म्हणायला घेतला आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

कारण रावजीची जीप पुढे पावसाळाभर एकदाही बंद पडली नाही. घाटातसुद्धा नाही. ही गोष्ट सुरगाण्याच्या स्टँडवर पसरली आणि बाकीच्या जीपवाल्यांची रांग लागली. "ते पाठीचं करणारे गुरुजी कुठं बसतात?" असं लोक विचारू लागले. एकदा तर एका म्हाताऱ्या गुरुजींनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "शरदराव, हे पाठघर्षण नेमकं कुठल्या ग्रंथात हो?"

गुरुजींना जेवण गोड लागेना. जन्मभर शास्त्र सांभाळलं आणि आपल्याच कातडीनं त्यात खोटा विधी घुसडला! आता एकच उपाय होता. खाज गेली की खाजवणं जाईल आणि खाजवणं गेलं की विधीही जाईल.

औषध घरातच होतं. भागीबाईनं दक्षिणेबरोबर मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली दिली होती. थंडीत तुपासारखं गोठणारं, किंचित उग्र वासाचं. गुरुजींनी ते देवापुढच्या दिव्यात घालायला ठेवलं होतं. रोज दिवा भरून सुधाकाकूंचे हात लोण्यासारखे झाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, हेच लावून बघा."

"ते दिव्याचं तेल आहे."

"मग वात समजा स्वतःला."

दुधानं तोंड पोळल्यामुळे गुरुजी ताकही फुंकून पीत होते. आधी कोपरावर थोडंसं लावून पाहिलं. लाल झालं नाही. मग रोज आंघोळीनंतर ओलसर अंगावर चोळायला लागले. पुढची थंडी आली तोवर खाज कुठल्या कुठे पळाली होती. आता रावजी जीपच्या वर्षाच्या पूजेला आला की शुद्ध, नितळ पूजा करायची, असं ठरवून गुरुजी त्याची वाटच पाहत होते.

रावजी आला. पूजा झाली. चारपाच वेळा "चुकलं" झालं. शेवटी गुरुजी म्हणाले, "झालं. उठा."

कोणी उठेना.

"गुरुजी, ऱ्हायलं ना," भागीबाई म्हणाली.

गुरुजींनी मन घट्ट केलं. "आजी, तो विधी नव्हता. मला खाज सुटली होती."

"ते म्हाईत हाय. तवाच दिसलं व्हतं."

"मग तुम्ही कशाला केलंत?"

म्हातारी कोपर चोळत म्हणाली, "बाकीचं समदं तुमी चुकलं चुकलं म्हनता. तेवढं एकच आमचं चुकलं नाय. तेवढंच जमतंय आमाला, गुरुजी."

गुरुजींना एकदम लाज वाटली. इतक्या वर्षांत आपण कुणाला एकदा तरी "बरोबर" म्हणालो का, हे त्यांना आठवेना.

ते उठले. बिनखाजेचं कोपर खसाखसा खाजवलं. खांबाला पाठ लावली. पण पाठ आता मऊ आणि वर तेलकट! पहिल्याच घासण्याला सर्रकन घसरली आणि गुरुजी पायरीवर धपकन बसले.

भागीबाईनं पदर खोचला, खांबाला पाठ घासली आणि पायरीवर धपकन बसली. मग रावजी बसला. मग भाऊ, भावजया, पोरंबाळं, सगळे एकेक करून घासले आणि धपाधप बसले. नंतर सगळ्यांनी गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं.

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांचं अगदी बरोबर."